ओट्यावरची एलईडी पट्टी: आधी अँपिअरचा हिशेब, मग कात्री

प्रश्न: आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर तीन कपाटं आहेत, अनुक्रमे 90, 60 आणि 120 सेंटिमीटर लांबीची. दुसऱ्या आणि तिसऱ्या कपाटाच्या मध्ये चिमणी आहे. कपाटांखाली लावायला 12 व्होल्टची 5 मीटर एलईडी पट्टी आणली आहे. मीटरला 120 एलईडी आहेत आणि पाकिटावर 9.6 वॅट प्रति मीटर असं छापलंय. ती कापायची कुठे आणि तुकडे जोडायचे कसे? दुकानदार म्हणाला, क्लिपा लावा, सोल्डरिंगची गरज नाही. जुन्या राउटरचा 12 व्होल्ट 1 अँपिअरचा अडॅप्टर घरात पडून आहे, तो चालेल का? आणि उरलेली पट्टी गणपतीच्या मखराला लावता येईल का?

उत्तर: तुम्ही विचारलेल्या सगळ्याचं उत्तर एकाच ठिकाणी येऊन थांबतं: प्रत्येक तुकड्याला किती अँपिअर लागणार आणि ते तिथपर्यंत कुठल्या वाटेने जाणार. पट्टी कापणं हे कात्रीचं क्षणभराचं काम आहे. शेवटच्या कपाटाखाली उजेड कमी पडणं, जोड तापून काळा पडणं, अडॅप्टर लवकर जळणं, या तक्रारी घेऊन मी ज्या घरांत गेलो, तिथे पट्टी बहुतेक वेळा बरोबरच कापलेली होती. चुकलेला असायचा तो करंटचा हिशेब.

हिशेबाच्याही आधी एक खात्री करून घ्या. बाजारात 'एलईडी स्ट्रिप' या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक तुमची, 12 किंवा 24 व्होल्ट डीसीवर चालणारी, बहुधा 5 मीटरच्या रिळात येणारी. दुसरी थेट 230 व्होल्टवर चालणारी. ती जाड पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात असते, मोठ्या रिळातून मीटरवर कापून देतात, आणि पीओपीच्या खोबणीत किंवा दिवाळीत गॅलरीच्या कठड्यावर आपण ती नेहमी बघतो. तिच्या पिनेजवळ एक छोटी डबी असते आणि लोक तिला अडॅप्टर समजतात. त्या डबीत बहुतेक वेळा फक्त रेक्टिफायर असतो. एसीचा डीसी होतो, पण व्होल्टेज उतरत नाही आणि पट्टी मेन्सपासून, म्हणजे घराच्या 230 व्होल्टपासून, वेगळीही होत नाही. कापलेल्या टोकाला तांबं उघडं राहिलं तर बसणारा धक्का बोर्डाच्या सॉकेटात बोट घालण्याइतकाच गंभीर असतो. ही पट्टी अर्ध्या किंवा एक मीटरवरच्या खुणेलाच कापता येते आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती हमखास लुकलुकताना दिसते, कारण 50 हर्ट्झच्या विजेवर तिचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होत असतो. ओल्या हातांचा वावर असलेल्या ओट्यावर, स्टीलच्या सिंकशेजारी मी ती लावत नाही. पुढचं सगळं 12 आणि 24 व्होल्टच्या पट्टीबद्दल आहे. पट्टीच्या अंगावर 12V छापलेलं आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, पाकिटावर विसंबू नका.

आता पट्टीच्या आत काय आहे ते बघू, कारण कात्री कुठे चालवायची ते त्यातूनच कळतं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फर चढवला की आपल्याला पांढरा उजेड दिसतो. (निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याचसाठी. त्याच्याशिवाय आजचा घरातला दिवाच नाही.) अशा एका एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात. तीन एलईडी एकामागे एक जोडले की 9 व्होल्ट झाले. उरलेले 3 व्होल्ट एका छोट्या काळ्या रेझिस्टरवर पडतात. त्यावर बऱ्याचदा 151 लिहिलेलं असतं, म्हणजे 150 ओम. 3 भागिले 150 म्हणजे 20 मिलीअँपिअर. तीन एलईडी आणि एक रेझिस्टर मिळून झालं एक घर. मीटरला 120 एलईडी म्हणजे 40 घरं, 40 गुणिले 20 मिलीअँपिअर म्हणजे 0.8 अँपिअर, आणि 12 व्होल्टला तेच 9.6 वॅट. तुमच्या पाकिटावरचा आकडा असा जुळतो.

ही सगळी घरं पट्टीच्या दोन कडांनी जाणाऱ्या तांब्याच्या दोन पातळ रेषांवर समांतर बसलेली असतात. म्हणून दोन घरांच्या मधल्या खुणेवर पट्टी कुठेही कापली तरी दोन्ही तुकडे पेटतात. घराच्या मधोमध कापली तर तेवढी तीन एलईडींची साखळी तुटते आणि ती अंधारी राहते. तुमच्या पट्टीत ही खूण दर अडीच सेंटिमीटरला येईल. मीटरला 60 एलईडी असते तर 5 सेंटिमीटरला आली असती. 24 व्होल्टच्या पट्टीत साधारण सहा-सात एलईडींचं एक घर असतं, त्यामुळे मीटरला तेवढेच एलईडी असले तरी तिथे खुणा दूर पडतात.

याच रचनेतून मंद उजेडाचं कारणही कळतं. वाटेत 1 व्होल्ट हरवला आणि पट्टीला 11 च मिळाले, तर एलईडी आपले 9 घेणारच. रेझिस्टरला 3 ऐवजी 2 व्होल्ट उरतात आणि करंट 20 वरून 13 मिलीअँपिअरवर येतो. व्होल्टेज आठ टक्के घटलं, पण करंट तिसऱ्या हिश्शाने गेला, आणि उजेड करंटच्या मागे जातो. उलट बाजूही लक्षात ठेवा. लोडशेडिंगसाठी काही जण अशी पट्टी सरळ इन्व्हर्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीवर टाकतात. चार्जिंगच्या वेळी ती बॅटरी 14.4 व्होल्टपर्यंत चढते. मग त्याच घरातून 20 ऐवजी 30-35 मिलीअँपिअर जातात, पट्टी झगमगते आणि काही दिवसांत पिवळट, मग काळपट होऊ लागते. बॅटरीवर चालवायचीच असेल तर मध्ये 12 व्होल्ट पक्के देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा.

आता तुमची मापं. कपाटाच्या पूर्ण लांबीइतकी पट्टी कापू नका. वायर वळवायला आणि जोड झाकायला दोन्ही टोकांना मिळून 5 सेंटिमीटर सोडा. म्हणजे तुकडे 85, 55 आणि 115 सेंटिमीटरचे. अडीचने भागून बघा, तिन्ही मापं बरोबर खुणेवर येतात. एकूण 2.55 मीटर. त्याला 9.6 ने गुणलं की साडेचोवीस वॅट आणि 12 ने भागलं की 2 अँपिअरहून किंचित जास्त.

राउटरच्या अडॅप्टरचं उत्तर इथेच मिळालं. तो 1 अँपिअरचा आहे, म्हणजे कागदावर 12 वॅट. तुम्ही त्याच्याकडून दुप्पट मागाल. चांगला अडॅप्टर असेल तर तो स्वतःला वाचवायला बंद-चालू, बंद-चालू करत राहील आणि तुम्हाला पट्टी खराब आहे असं वाटेल. साधा असेल तर तापत राहील. ड्रायव्हरवर (म्हणजे 230 व्होल्टचे 12 व्होल्ट डीसी करून देणाऱ्या अडॅप्टरवर) त्याच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकू नये, हा नियम मी कधीच मोडत नाही. कपाटाच्या माथ्यावर, बंद जागेत, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो तासन्‌तास चालणार असतो. तुमच्यासाठी 12 व्होल्ट 3 अँपिअरचा, म्हणजे 36 वॅटचा ड्रायव्हर योग्य. घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एकाच आकाराचे, एकच आकडा छापलेले दोन ड्रायव्हर निम्म्या-दुप्पट भावात मिळतात. हातात घेऊन वजन बघा, फरक तिथेच कळतो. पट्टीवर पैसे वाचले तरी चालतील, ड्रायव्हरवर वाचवू नका. घराच्या 230 व्होल्टला चिकटलेली या सगळ्यातली वस्तू तीच आहे.

जाळीच्या पत्र्याच्या पेटीतला ड्रायव्हर स्वस्त पडतो, पण त्याचे स्क्रू उघडे असतात. त्यात पाली, झुरळं आणि मुंग्या शिरतात. स्वयंपाकघरात तर हे होणारच, आणि पाल आत चिकटून ड्रायव्हर जळाल्याचं वायरमन लोकांना नवीन नाही. तुम्ही बंद प्लास्टिकच्या पेटीतला, दोन्हीकडून वायरी बाहेर आलेला किंवा सरळ लॅपटॉपसारखा पिनेचा अडॅप्टर घ्या.

जोडणीचा आराखडा हा या कामाचा गाभा आहे. बहुतेक जण काय करतात? पहिल्या तुकड्याच्या शेवटातून वायर काढून दुसऱ्याला देतात, दुसऱ्याच्या शेवटातून तिसऱ्याला. दिसायला सुटसुटीत, पण मग तिसऱ्या कपाटाचा करंट पहिल्या दोन पट्ट्यांच्या कागदासारख्या पातळ तांब्यातून जातो. पंगतीत एकच वाढपी एकच पातेलं घेऊन निघाला की शेवटच्या पानावर जे होतं, तेच तिसऱ्या तुकड्याचं होतं. त्याऐवजी ड्रायव्हरपासून प्रत्येक तुकड्याला स्वतःची स्वतंत्र वायरीची जोडी द्या. तीन तुकडे, तीन जोड्या. तिन्ही प्लस वायरी ड्रायव्हरच्या प्लसला, तिन्ही मायनस मायनसला. तिथे जोडायला वायरी पिळून काळी टेप गुंडाळू नका. उष्णतेने टेपचा गोंद वितळतो आणि ती सुटते. कनेक्टर पट्टी किंवा खटका दाबून लावायचे लिव्हर कनेक्टर वापरा.

वायर कुठली, हेही आकड्यांतच बघा. पट्टीला कारखान्यातून जी बारीक लाल-काळी शेपटी लावून येते, ती लांब वाढवू नका. समजा चिमणीच्या पलीकडच्या तुकड्यापर्यंत वायर अडीच मीटर जाते. जाणं-येणं मिळून 5 मीटर. तशा बारीक वायरीचा रोध एवढ्या लांबीत 0.45 ओमच्या आसपास भरतो. तिन्ही तुकड्यांचा 2 अँपिअर करंट तिच्यातून नेला तर 0.9 व्होल्ट वाटेतच संपले, आणि एका व्होल्टने काय होतं ते वर पाहिलंच. तेच 0.75 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली आणि तिच्यावर फक्त त्या एका तुकड्याचा 0.9 अँपिअर टाकला, तर नुकसान 0.11 व्होल्ट होतं. डोळ्याला ते कळणार नाही. तेव्हा 0.75 ची तांब्याची वायर घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असतो. चाकूने तार खरवडून बघितली की आतली चांदीसारखी चमक दिसते.

एक धोका मात्र मुद्दाम सांगतो. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये फेज लाल आणि न्यूट्रल काळी असते, आणि डीसीची प्लस-मायनसही लाल-काळीच. उद्या चिमणी दुरुस्तीला आलेला माणूस तुमची 12 व्होल्टची जोडी 230 ची समजू शकतो, किंवा उलट. म्हणून डीसीसाठी स्पीकरची चपटी पारदर्शक वायर वापरा, दर हातभर अंतरावर '12 व्होल्ट डीसी' अशी चिठ्ठी चिकटवा, आणि ती घराच्या वायरिंगच्या पाइपातून कधीही नेऊ नका. चिमणी ओलांडताना वायर कपाटांच्या माथ्यावरून, चिमणीच्या गरम डक्टपासून लांब न्या.

कापताना पट्टीवरची तांब्याची जोड-ठिकाणं शोधा. दोन-दोन चकत्या असतात आणि मधून रेष गेलेली असते, कधी तिथे कात्रीचं चित्रही असतं. कात्री बरोबर रेषेवर, काटकोनात. अर्धी चकती या तुकड्याला, अर्धी त्या तुकड्याला मिळाली पाहिजे. शिवणकामाची मोठी कात्री नको, लहान टोकदार घ्या. पट्टी गुंडाळलेल्या रिळावर असताना फार वेळ पेटवून तपासू नका, 5 मीटरची उष्णता एवढ्याशा जागेत साचते. कापण्याआधी अर्धा मिनिट पेटवून सगळे एलईडी लागतात ना एवढंच बघा आणि प्लग काढून मगच कापा.

सोल्डरिंग की क्लिप? दुकानदार चुकीचं सांगत नाही, पण तो तुमचा ओटा बघत नाही. क्लिपमध्ये बारीक दाते तांब्यावर फक्त टेकलेले असतात. फोडणीचा तेलकट वाफारा आणि कोकणपट्टीची दमट हवा त्या फटीत शिरली की तांबं काळं पडतं, रोध वाढतो, जोड तापतो, तापला की आणखी काळा पडतो. बैठकीच्या खोलीत टीव्हीमागे क्लिप वर्षानुवर्षं टिकते. ओट्यावर मी सोल्डरच करतो. क्लिपच लावायची झाली तर पट्टीची रुंदी मोजून घ्या, 8 मिलिमीटर आणि 10 मिलिमीटरच्या क्लिपा वेगळ्या असतात. वर सिलिकॉन चढवलेली पट्टी असेल तर चकतीवरचा थर ब्लेडने पूर्ण खरवडल्याशिवाय दाते तांब्यापर्यंत पोचतच नाहीत.

सोल्डरिंग येत नसलं, तरी हे त्यातलं शिकायला सगळ्यात सोपं काम आहे. कापताना निघालेल्या फालतू तुकड्यावर आधी सराव करा. 25 वॅटचा बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न पुरतो. सोल्डर 60/40 ची (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं), पोटात रोझिन म्हणजे राळ असलेली, एक मिलिमीटरच्या आसपास जाड. एक गोष्ट कटाक्षाने टाळा: भांड्यांच्या कल्हईला वापरतात तो नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचं आम्ल इथे चालत नाही. जोड लगेच छान बसतो, पण मागे राहिलेला क्षार त्या पातळ तांब्याला हळूहळू खातो. रोझिनची पेस्ट घ्या.

चकती नखाने किंवा ब्लेडने चमकेपर्यंत घासा. थोडी पेस्ट लावा. तापलेलं टोक चकतीवर टेकवा, सोल्डर तिथे लावा, वितळून छोटा फुगीर ठिपका बसला की टोक उचला. दोन-तीन सेकंदांच्या वर थांबू नका, नाहीतर चकती पट्टीपासून सुटून येते आणि मग तो जोड गेला. वायरीचं टोक फक्त 3 मिलिमीटर सोला, तारा पिळा, त्यांनाही सोल्डर चढवून घ्या. आता वायर चकतीवरच्या ठिपक्यावर ठेवून वरून टोक टेकवलं की दोन्हीकडची सोल्डर एकजीव होते. टोक उचला आणि पुढचे तीन-चार सेकंद हात अजिबात हलू देऊ नका. गार होताना वायर हलली की जोड खरबरीत, भुरकट दिसतो. असा जोड आज पेटेल आणि काही आठवड्यांनी दगा देईल, तो परत तापवून घ्या. जमलेला जोड गुळगुळीत दिसतो आणि हलकं ओढलं तरी सुटत नाही. श्रिंक ट्यूबचा (तापवली की आक्रसून जोड झाकणाऱ्या नळीचा) तुकडा मात्र वायरीत आधीच ओवून ठेवा, नंतर तो घालायला वाट नसते.

प्लस आणि मायनसच्या ठिपक्यांमध्ये सोल्डरचा केस राहिला नाही ना, ते मल्टिमीटरच्या बझरवर तपासा. आवाज आला तर शॉर्ट आहे, ड्रायव्हरला जोडू नका. प्लस-मायनस उलट लागले तर तुमची साधी एकरंगी पट्टी नुसती पेटणार नाही. वायरी अदलाबदल करा, काम झालं. पण ज्या पट्टीत प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा बदलतो, तिच्यात आयसी, म्हणजे छोट्या चिप, असतात आणि उलट जोडणीने त्या मरतात. तिथे पट्टीवर छापलेल्या बाणाची दिशाही पाळावी लागते. साध्या रंगीत पट्टीला चार वायरी असतात: एक सामाईक प्लस आणि तीन रंगांचे तीन मायनस.

कोपऱ्यात पट्टी कागदासारखी घडी घालून वळवू नका, आतलं तांबं तडकतं. तिथे कापा आणि दोन तुकड्यांमध्ये बोटभर वायर जोडा.

पट्टी कपाटाच्या प्लायवूडला नुसती चिकटवू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं. ॲल्युमिनियमची पट्टी, जिला दुकानात प्रोफाइल म्हणतात, ती आधी स्क्रूने बसवा आणि तिच्यात एलईडी पट्टी. एक तर एलईडीची उष्णता ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि पट्टी कितीतरी जास्त टिकते. दुसरं म्हणजे वरचं दुधी झाकण तेलाचा चिकटा स्वतःवर घेतं, ते काढून साबणाने धुता येतं. आणि चकचकीत ग्रॅनाइटच्या ओट्यात एलईडींचे ठिपके-ठिपके दिसत नाहीत. चिकटवण्याआधी खोबण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एक जपायचं: कापलेल्या टोकाशी उघडं तांबं ॲल्युमिनियमला टेकलं की शॉर्ट होतो. टोकाखाली उष्णतेला टिकणाऱ्या पिवळ्या पॉलिइमाइड टेपचा तुकडा घाला. टोक ओलाव्यापासून बंद करायला सिलिकॉन लावणार असाल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि तांबं गंजवतं. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेजवळ लावा, भिंतीकडे नाही. मागे लावली तर तुमचीच सावली चिरण्याच्या पाटावर पडते.

230 व्होल्टची बाजू: तिन्ही तुकडे जोडून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. प्लगचा अडॅप्टर असेल तर चिमणीच्या सॉकेटशेजारी दुसरं सॉकेट काढून घ्या आणि ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बटण फेजवर आहे ना, हे त्याला टेस्टर लावून दाखवायला सांगा. घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर पंख्याचा रेग्युलेटर ड्रायव्हरच्या आधी लावू नका. ड्रायव्हर आणि पट्टीच्या मध्ये 12 व्होल्टचा पीडब्ल्यूएम डिमर (पट्टी अतिवेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणारा) लागतो.

मखराचं सांगतो. तुमच्याकडे 2.45 मीटर पट्टी उरेल. ती नक्की वापरा. राउटरच्या त्या अडॅप्टरचंही इथे सार्थक होईल: ऐंशी टक्क्यांचा नियम धरला तर तो 9.6 वॅट देऊ शकतो, म्हणजे बरोबर एक मीटर पट्टी. मूर्तीच्या मागच्या कमानीला एवढी खूप झाली. पूर्ण 2.45 मीटर लावायची तर तिला 2 अँपिअर लागतील, मग दुसरा 3 अँपिअरचा अडॅप्टर घ्या. दहा दिवसांचं काम, त्यामुळे इथे क्लिपा चालतील.

पण मखरात जपायचं ते वेगळंच. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून मखरं पुठ्ठा, कापड, कागद, बांबू आणि सुक्या फुलांची होतात. हे सगळं पेट घेणारं आहे. 12 व्होल्टने धक्का बसत नाही म्हणून आग लागत नाही असं नाही. सैल जोडातून 2 अँपिअर गेले की तो ठिकाणावर तापतो, आणि वर कापडाची झालर असेल तर ती उष्णता जायला वाट नसते. अडॅप्टर मखराच्या बाहेर, उघड्यावर, फरशीपासून उचलून ठेवा. पडद्यामागे किंवा चौरंगाखाली कोंबू नका. जोड अभिषेकाच्या पाण्यापासून आणि निरांजनाच्या वाटेपासून लांब, मखराच्या मागच्या अंगाला घ्या. पट्टी कापडाला न चिकटवता त्याच ॲल्युमिनियम प्रोफाइलच्या उरलेल्या तुकड्यावर लावली तर उत्तम. रात्री घर झोपलं की प्लग काढा. समई तेवत असतेच.

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मूर्तीसाठी 3000 केल्व्हिनच्या आसपासचा पिवळसर उजेड हवा. 6500 केल्व्हिनच्या निळसर पांढऱ्या उजेडात शाडूची मूर्ती फिकी दिसते आणि दागिन्यांचं सोनेरी तेज जातं. ओट्यावर मात्र 4000 केल्व्हिनचा उजेड चांगला, भाजीचा खरा रंग त्यात कळतो. तुमची पट्टी कुठल्या रंगाची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती 6500 ची असेल तर मखरासाठी पिवळसर पट्टी वेगळी आणा. आणि एका खोलीत दिसणारे सगळे तुकडे एकाच रिळातले असू द्या, कारण एकाच आकड्याच्या दोन रिळांच्या पांढऱ्यातही फरक दिसतो.

सगळं बसवल्यावर, झाकणं लावण्याआधी, तिन्ही तुकडे तासभर पेटते ठेवा. मग मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून प्रत्येक तुकड्याच्या दूरच्या टोकाला प्लस-मायनसवर टेकवा. साडेअकराच्या वर आकडा आला तर जोडणी चांगली आहे. कमी आला तर ड्रायव्हरच्या तोंडाशी मोजा. तिथे 12 आणि टोकाला 11 असेल तर दोष वायरीत किंवा जोडात. तिथेच 11 असेल तर ड्रायव्हर कमी पडतोय. प्रत्येक जोडावर बोट ठेवून बघा, कोमट चालेल, बोट उचलावंसं वाटलं तर तो जोड पुन्हा करा. पुढे कधी नेमके तीन शेजारचे एलईडी गेले तर ते एक घर गेलं आहे, तेवढं घर कापून दोन्ही बाजू वायरीने जोडता येतात. एका बिंदूपासून पुढचं सगळं गेलं तर त्या बिंदूचा जोड किंवा तिथलं तांबं तुटलंय. आणि तिन्ही कपाटं एकदम लुकलुकू लागली तर पट्टीला हात लावू नका, आधी ड्रायव्हर बदलून बघा.